पाठीचं सांगते, आये

आये,

काल दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने माझी पाठ तपासली. खोकला पंधरा दिवस हटत नव्हता म्हणून गेले होते. त्याने नळी लावली, मोठा श्वास घ्यायला सांगितलं, मणक्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "आजी, या वयात पाठ इतकी सरळ कशी राहिली?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आईचं ऐकलं नाही म्हणून." तो हसला. म्हातारी थट्टा करतेय असं त्याला वाटलं असणार. मी थट्टा करत नव्हते. तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि आपलं भांडण अर्ध्यावरच राहिलंय. तुझ्या मागे मी ते मनातल्या मनात कितीदा तरी भांडले. आज कागदावर भांडायला बसले आहे. तुला आता मध्ये बोलता येणार नाही हे खरं आहे, आणि ते बरोबर नाही हेही मला कळतं. पण तू होतीस तेव्हा मला तरी कुठे मध्ये बोलू द्यायचीस?

सापगावच्या बाजूचं आपलं ते कुडाचं घर माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, तांदळाची भाकरी परातीत थापते आहेस. मी मागच्या दारातून सरपण घेऊन आत येते. मी बारा वर्षांची आहे आणि तुझ्यापेक्षा उंच झाले आहे. तू मान वर करून बघतेस, आणि माझं येणं तुला आवडलेलं नाही हे तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. "वाक जरा गो," तू म्हणतेस, "ताडावानी काय उभी ऱ्हातेस? नजरंत भरतेस लोकांच्या." मी सरपण खाली ठेवते आणि उगीचच खांदे पुढे घेते. चौदाव्या वर्षी मी बाबांच्याही वर गेले. बाबा गवताची गाडी घेऊन आसनगाव स्टेशनला जायचे, परतले की ओटीवर बसून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "ही आनखी किती वाढायची?" ते हसून म्हणायचे. तू हसत नव्हतीस. विहिरीवर, बाजारात, कुणाच्या लग्नात, जिथे चार माणसं असतील तिथे तुझी दोन बोटं हळूच माझ्या मानेवर यायची आणि मान खाली दाबायची. कुणाला दिसायचंसुद्धा नाही. त्या दोन बोटांची जागा मला अजून दाखवता येईल.

एकच वेळ अशी होती की तू मला वाकायला सांगत नव्हतीस. डोक्यावर पाण्याचे हंडे असले की. तेव्हा सांगितलं असतंस तर पाणी सांडलं असतं. नदीपासून घरापर्यंत मी ताठ चालायचे, मान सरळ, नजर समोर, कमरेखालचं अंग काय ते हलायचं. तेवढी वाट मला फार आवडायची. पाणी आणायला बाकीच्या मुली कुरकुरायच्या आणि मी दोन खेपा जास्त घालायचे. तुला वाटायचं पोर कामाला वाघ आहे. आये, मला पाण्याचं काही नव्हतं. मला तेवढा वेळ माझ्या उंचीएवढं असता यायचं.

पण हंडे उतरले की मी पुन्हा दुमडायचे. दोन वर्षांत ते माझ्या अंगवळणी पडलं. उभी राहिले की एक गुडघा वाकवायचे, छाती आत ओढायचे, हनुवटी गळ्याला टेकवायचे. शाळेत आम्ही चारच मुली होतो, त्यात मी सगळ्यांच्या मागे भिंतीशी बसायचे. मग खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. आधी संध्याकाळी, मग दिवसभर. श्वास वरच्यावर फिरायचा, खाली पोचायचाच नाही. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, आणि तेवढंही पचायचं नाही. हे सगळं अंगाचं झालं. मनाचं त्याहून वाईट होतं, आणि ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं. सतत जमीन बघत चालणाऱ्या माणसाला जमीनच दिसते. समोरून येणाऱ्याचे पाय दिसतात, तोंड दिसत नाही. हळूहळू मला लोकांच्या तोंडाची भीती वाटायला लागली. माझा आवाज बारीक झाला. काही कारण नसताना रडू यायचं, आणि मी गोठ्यात जाऊन रडून यायचे. तू म्हणायचीस, वयात आली की पोरी अशाच होतात.

एक दिवस मास्तरांनी मला धडा वाचायला उभी केली. वाक्य लांब होतं. अर्ध्यात माझा श्वास संपला, पुन्हा घेतला तो पुरेना, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली बसले. मास्तर घरी आले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण हिच्या छातीत काही दोष असला तर वेळीच बघा. तू आधी भगताकडे नेलंस. त्याने अंगारा लावला, कोंबडं घेतलं. दुखणं होतं तिथेच राहिलं. शेवटी बाबांनी गवताच्या गाडीवर आपल्या दोघींना बसवलं आणि शहापूरच्या सरकारी दवाखान्यात सोडलं.

डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी गेले होते. एक नर्सबाई होत्या, नगरकडच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, ठेंगण्या. ठेंगण्या असून मला त्या उंच वाटल्या, ते त्यांच्या ताठ उभं राहण्यामुळे, हे मला पुढे कळलं. त्यांनी माझी छाती तपासली, जीभ बघितली, मग खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मला चालायला लावलं.

"हिच्या छातीत काही नाही," त्या तुला म्हणाल्या. "ही अशी का चालते?"

"कशी?" तू विचारलंस.

"हिला कुणीतरी मारणार आहे अशी."

त्यांनी मला दवाखान्याच्या दगडी भिंतीला टेकवून उभी केली. टाचा भिंतीला, मागची बाजू भिंतीला, खांदे भिंतीला. डोकं भिंतीला टेकवताना माझी मान इतकी ओढली गेली की मी ओरडले. "आता श्वास घे," त्या म्हणाल्या. मी घेतला. आये, तो श्वास कुठवर गेला ते मी तुला कसं सांगू! पोटापर्यंत गेला. दोन वर्षं बंद असलेली कोठी कुणीतरी उघडावी तसं मला वाटलं. मी पुन्हा घेतला, पुन्हा घेतला, आणि मला हसू आलं.

"डोक्यावर हंडा घेऊन चालतेस ना?" त्यांनी विचारलं. "तसंच चालायचं. हंडा नसला तरी."

मग त्या तुझ्याकडे वळल्या. "हिला वाकवू नका, बाई. दुखणं सगळं त्यातलं आहे. अन्न अंगी लागत नाही, छाती भरत नाही, जीव उदास होतो, सगळं त्यातलंच."

तू पदर घट्ट केलास. "तुमी मोठ्या गावच्या. तुमाला आमच्यातलं काय ठावं? ताठ बाई लोकांच्या डोळ्यांत खुपते."

त्यांनी वाद घातला नाही. त्या फक्त तुझ्या मागे गेल्या आणि त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू दचकलीस. "किती वर्षं दुखते?" त्यांनी विचारलं.

"दुखत नाय," तू म्हणालीस. "ती तशीच हाय."

तुझी पाठ मी रोज बघत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. आवणीत, भाताची रोपं लावताना, पावसासाठी पाठीवर इरलं घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओणवी असायचीस, ते झालं की कापणी, कापणी झाली की रानातून मोळ्या. तुझं वय चाळिशीच्या आतबाहेर असेल. उभी राहिलीस तरी तुझी पाठ चिखलातच असल्यासारखी राहायची. परतताना बाबा गाडी हाकत होते, आपण दोघी मागे बसलो होतो. मी मुद्दाम ताठ बसले. तुझी बोटं माझ्या मानेवर आली. मी मान हलवली आणि ती झटकून टाकली. पहिल्यांदाच. तू हात परत घेतलास.

त्यानंतर मी रोज सराव केला. आपल्या कुडाच्या भिंती सरळ नव्हत्या म्हणून मधल्या खांबाला टेकून उभी राहायचे, तू नदीवर गेलीस की. सोपं नव्हतं ते. पहिले पंधरा दिवस आधीपेक्षा जास्त दुखलं. विसरले की खांदे आपोआप पुढे यायचे, आणि मला तुझा राग यायचा की माझं अंग माझं ऐकण्याऐवजी तुझं ऐकतंय. महिन्याभराने भूक लागायला लागली. मग गोठ्यात रडायला जाणं कधी थांबलं ते मलाच कळलं नाही. मास्तरांनी पुन्हा वाचायला उभी केली तेव्हा मी अख्खा धडा वाचला, आणि माझा आवाज पुढच्या बाकावर बसलेल्या मुलांपर्यंत पोचला. त्यांनी वळून बघितलं. मी त्यांच्या तोंडांकडे बघितलं. नुसती तोंडं होती ती, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मी सातवीची फायनल दिली त्या साली मुरबाडकडची माणसं मला बघायला आली. मुलगा शेतीवाला, घर बरं, तुला ते स्थळ हवं होतं. मुलगा माझ्या खांद्याला लागेल एवढा होता. आदल्या दिवशी तू मला चुलीपुढे बसवून समजावलंस. पाट मांडीन, त्यावर बस. उठायला सांगितलं तर अर्धीच ऊठ, लुगड्याच्या आत गुडघे वाकलेले कुणाला दिसत नाहीत. तू स्वतः उठून मला करून दाखवलंस. तुला गुडघे वाकवायची गरज नव्हती, आये, तुझी पाठच तेवढं काम करत होती. मी काही बोलले नाही. तुला वाटलं मी कबूल झाले.

ते आले. मुलगा, त्याचा बाप आणि एक मामा. बोलायचं सगळं मामाच बोलत होता. मी पाटावर बसले, नाव सांगितलं, शाळा सांगितली. "पोर बसलेली तर बरी दिसते," मामा म्हणाला, "आता उभी ऱ्हा बघू." मी उभी राहिले. पुरी उभी राहिले. टाचा, कंबर, खांदे, डोकं. माझं डोकं वाशांजवळ गेलं. मुलगा खाली बघत होता, मला त्याची कीव आली. मामा हसला आणि बाबांना म्हणाला, "पाव्हनं, आमच्या दारातनं ही आत यायची कशी?"

बाबांनी उत्तर शोधायच्या आत मी म्हणाले, "दार वाढवा."

ते चहाला थांबले नाहीत.

ती माणसं वाटेला लागली आणि तू घरात आलीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू हात उगारलास. माझ्या गालावर मारणार होतीस, पण तुझा हात माझ्या खांद्याच्या वर पोचेना. "खाली हो," तू म्हणालीस. मी तशीच उभी. "खाली हो गो!" तू ओरडलीस. मी झाले नाही. तू दंडावर मारलंस, एकदा, दोनदा, आणि मग मारता मारता जमिनीवर बसलीस आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागलीस. मी तुझ्या शेजारी बसले नाही. तुला माझी बाजू कधी कळली नाही हे मला माहीत आहे, पण त्या वेळी मी बसायला हवं होतं की नाही, याचं उत्तर मी अजून "नाही" असंच देते. बसले असते तर तू मला कधी उठू दिलं नसतंस.

रडणं थांबल्यावर तू जमिनीकडे बघत बोलायला लागलीस. तुझ्या माहेरची गोष्ट, जी तू कधी सांगितली नव्हतीस. मुरबाडच्या पलीकडे तुझ्या बापाने जमीनदाराची जमीन कसायला घेतली होती. तू माझ्याएवढी होतीस. बांधावरून भारा घेऊन येत होतीस आणि समोरून जमीनदाराचा कारभारी आला. तू बाजूला झालीस, पण मान खाली घातली नाहीस. त्याच्याकडे बघितलंस. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याने तुझ्या बापाला वाड्यासमोर बोलावलं, भर उन्हात ओणवं उभं केलं आणि पाठीवर दगड ठेवला. "पोरीला वाकाया शिकव," म्हणाला, "नाय तर तू वाक." दुपार कलेपर्यंत तुझा बाप तसा उभा होता आणि तुला ते बघायला लावलं.

"मंग मी शिकले," तू म्हणालीस. "त्या दिसापास्नं मी मान वर नाय केली. आनि तू म्हनतेस दार वाढवा."

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते, मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं, आणि मी ते देणार आहे. आये, तुझ्या बापाच्या पाठीवरचा दगड त्या कारभाऱ्याने ठेवला होता. तुझ्या पाठीवर तो तू स्वतः ठेवून घेतलास. भीतीपोटी घेतलास, लहान होतीस, मी तुला दोष देत नाही. पण माझ्या पाठीवर तो कुणी ठेवला? कारभारी आपल्या गावात नव्हता. मला वाकवायला कुणी आलं नव्हतं. त्याचं काम तू फुकट करत होतीस, घरच्या घरी, दोन बोटांनी. तू म्हणशील, ते तुझ्या भल्यासाठी. असेल. ज्याने पोरीची छाती भरत नाही, अन्न पचत नाही, ती गोठ्यात जाऊन रडते, ते भलं मला नको होतं, आणि आज पुन्हा विचारलंस तरी नको म्हणेन.

पुढचं तुला माहीत आहे. स्थळं यायची थांबली. मला मुरबाडच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली, आणि गावाने तुला जे ऐकवायचं ते ऐकवलं. तिथे मोठ्या बाई चूक झाली की मुलींना अंगठे धरून उभ्या करायच्या. ओणव्या, अर्धा अर्धा तास. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वर्गातली एक मुलगी तशी उभी करायला सांगितली. मी म्हणाले, "मी हे करणार नाही."

"मग शिक्षा कोणती करणार?"

"उभी करीन. ताठ उभी करीन, आणि चुकलेलं पुन्हा म्हणायला लावीन."

"ही काय शिक्षा झाली?" त्या म्हणाल्या. महिनाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण माझ्या वर्गात पुन्हा कुणी अंगठे धरले नाहीत. रोज सकाळी मी मुलींना भिंतीला उभ्या करायचे. आवणीच्या दिवसांत त्या शेतावर जायच्या, परत आल्या की पाठी धरलेल्या असायच्या. तेव्हा मी त्यांना शाळेच्या ओटीवर उताण्या निजवायचे, हात डोक्यामागे, आणि मोठे श्वास घ्यायला लावायचे. त्यांच्या आया आधी हसल्या. मग एक दिवस तिघीजणी दुपारच्या वेळी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमी पन निजू का?" पुढच्या वर्षी आवणी झाल्यावर ओटीवर जागा पुरेना. चिखलाच्या पायांनी बायका ओळीने उताण्या पडलेल्या, कुणी कण्हतेय, कुणी हसतेय, एक म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं पाठ टेकली नव्हती गो." मी ते तुला घरी येऊन सांगितलं होतं. तुलाही निजवायला बघितलं. तुझी पाठ जमिनीला टेकली नाही. तू हसलीस, म्हणालीस, "माझी आता वळायची नाय. तू तुझी संभाळ." भांडणात तेवढं एकदाच तू मागे सरलीस.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या साली, हिवाळ्यात, तू गेलीस. आधी ताप, मग कफ. पुढे दुमडलेल्या छातीत श्वासाला जागाच उरली नव्हती. चार दिवस तू कुशीवर पडून होतीस, उताणी झालीस की घुसमटायचीस. मी तुझ्या पाठीशी बसून हात फिरवत होते आणि मनात त्या कारभाऱ्याला शिव्या देत होते, जो कधीच मरून गेला असेल. गेल्यावर तुला तिरडीवर घेतलं, पण तू सरळ निजेनास. पाठ वर, डोकं पुढे. भावकीतला एकजण म्हणाला, "गुडघ्यांवर आनि खांद्यांवर जोर द्या, सरळ होईल." दोघे पुढे झाले. मी त्यांच्या आणि तुझ्या मध्ये उभी राहिले. म्हणाले, "हात लावायचा नाही. जशी आहे तशी न्या." ते म्हणाले, बांधता येणार नाही. मी आत गेले, घरातल्या होत्या नव्हत्या त्या घोंगड्या आणल्या, तुझ्या पाठीमागे आणि पुढे आधार दिला आणि तुला कुशीवर, तू निजायचीस तशी निजवली. बायांनी बाहेर यायचं नसतं, कुणीतरी पुटपुटलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो मागे सरला. आयुष्यभर तुला वाकवलं, आता दाबून सरळ करायला निघाले होते. ते मी होऊ दिलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

इतकं लिहिलं, आणि भांडण जिंकल्यासारखं वाटतंय. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पेटीतल्या कपड्यांखाली राहील, म्हणून एक गोष्ट, जी पहिल्या ओळीपासून टाळते आहे, ती लिहून टाकते.

मुरबाडच्या शाळेतलं माझं दुसरं वर्ष. तपासणीला साहेब आले होते. मी माझ्या मुली पटांगणात ओळीने उभ्या केल्या होत्या, सगळ्या ताठ, आणि साहेब खूश होऊन बघत होते. तेवढ्यात कुंपणापाशी तू दिसलीस. बाजाराचा दिवस होता. इतकं अंतर चालत आली होतीस, हातात काठी, काखेत गाठोडं, इतकी वाकलेली की कुंपणाच्या वरून तुझी पाठ आधी दिसत होती आणि डोकं नंतर. तू मान तिरकी करून, खालून वर बघावं तसं मुलींकडे बघत होतीस. मग माझ्याकडे. आपली नजरानजर झाली. हे सगळं मी दुसऱ्यांना वेगळंच सांगत आले, की माझी आई माझी शाळा बघायला कधी आली नाही.

संध्याकाळी खोलीवर गेले तर घरमालकीणबाईंनी गाठोडं दिलं. "तुझी आय देऊन गेली. थांब म्हनलं तर थांबली नाय." आत नवं लुगडं होतं, मोठ्या पन्ह्याचं, असं मोठं की नेसल्यावर माझे घोटे झाकले. मुरबाडच्या बाजारात तसं मिळत नव्हतं. कुणाकडून, कुठून मागवलंस ते तू कधी बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कुंपणापाशी काय झालं ते बोलावं लागलं असतं.

झालं ते एवढंच. साहेबांनी तुझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "ती बाई कोण? कुणाला भेटायचंय का तिला?" तू कुंपणाला टेकून ऐकत होतीस, फार लांब नव्हतीस. मला माझ्या ताठ मुलींपुढे, त्या साहेबांपुढे, तुझ्या पाठीची लाज वाटली. मी म्हणाले, "बाजाराला आलेली कुणी असेल."

आये, हे म्हणताना मी अगदी ताठ उभी होते.